नाईक पद गेलं, गोपनीय अहवालाचं काय?

महाराष्ट्र पोलिसांतलं शिपाई आणि हवालदार यांच्यामधलं पोलीस नाईक हे पद २०२२ मध्ये रद्द झालं, त्यामुळे आता शिपायाची बढती रखडणार नाही, असं म्हटलं जातंय. एक पायरी कमी झाली हे चांगलंच, पण रखडतं ते बहुतेकदा साहेबांच्या टेबलावर. माझे वडील १९९१ चे भरती. हवालदाराचे सहायक फौजदार व्हायच्या वेळी त्यांचा गोपनीय अहवाल, म्हणजे साहेबांनी दरवर्षी लिहायचा कामाचा अहवाल, लिहायचा राहिला आणि साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "मी तुमचं काम पाहिलेलंच नाही, सही कशी करू?" वडील साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा गणवेश घालून लेखनिकाकडे खेटे घालायचे. चौदा महिने! मागून भरती झालेले दोघे तोवर पुढे गेले. अहवाल न लिहिता गेलेल्या त्याच जुन्या साहेबांसाठी या माणसाने गणपती बंदोबस्तात सलग रात्री उभं राहून काढल्या होत्या, याचा मला आजही संताप येतो.

जे सेवेत आहेत त्यांनी दरवर्षी आपला अहवाल लेखी मागून घ्याच. देव दत्त खटल्यात २००८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. वडिलांना हे कुणी सांगितलंच नाही.