सीफूड हॉटेलात साडेचार हजार घातले, आता तुम्हीच सांगा आम्ही चुकलो का?

जालन्याची_सून
जुलैच्या दुसऱ्या रविवारी सासूबाईंच्या एकसष्टीनिमित्त संभाजीनगरच्या एका भारीतल्या सीफूड हॉटेलात गेल्तो, नाव घेत नाही. सासूबाई मूळच्या अलिबागकडच्या, 38 वर्षं झाली इकडं येऊन, म्हणलं चला आज तुम्हाला पापलेट खाऊ घालू. एसी, निळे दिवे, भिंतीवर जाळं टांगलेलं, सगळं झक्कास. वेटर छातीठोकपणे म्हणला मॅडम आज सकाळीच मुंबईहून ताजा माल उतरलाय. मेनूत पापलेटसमोर भाव नाही, नुसतं 'साईजप्रमाणे', आन आम्ही पण येड्यासारखं विचारलंच नाही. आलं तर तळहाताएवढं, बिलात 1450! हात लावला की भुगा व्हायला. सुरमई थाळीतल्या तुकडीला ना काटा ना कातडी, पांढरी मऊ गिच्च. सोलकढीत नारळाच्या दुधाचा पत्ता नाही, नुसतं गुलाबी पाणी. सासूबाईंनी रस्सा-भात खाल्ला आन पापलेट बाजूला सारलं, बोलल्या काहीच नाहीत. बिल 3850, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, त्याच्यावर परत 5 टक्के जीएसटी, झाले 4447. मॅनेजरला बोललो तर म्हणतो, "तुमच्याकडच्या लोकांना समुद्राच्या माशाची सवय नसते ना." अलिबागच्या बाईला!!

खारं_पाणी
ताई, 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे, पण त्यांचं पापलेट तुमच्यापर्यंत कुठलं यायला. फ्रोजनच असणार. फ्रोजन वाईट असतं असं नाही हां, नीट गोठवलं नीट सोडवलं तर चांगलं लागतं, पण एकदा बर्फ सुटून परत गोठवलं की असाच भुगा होतो. आन ती सुरमई नव्हतीच, बासा नावाचा दुसराच मासा असेल. सुरमईच्या गोल तुकडीला मधोमध काटा आणि कडेला कातडी असते, बासाचे मात्र सोललेले बिनकाट्याचे फिले येतात. पुढच्या वेळी मासा शिजवायच्या आधी ताटात आणून दाखवा म्हणायचं, कल्ले लाल आहेत का बघायचं, बोटानं दाबून बघायचं. दाखवायला का-कू केली की उठायचं.

बिल_बघणारा
माशातलं मला कळत नाही, पण तो सर्व्हिस चार्ज तुम्ही द्यायलाच नको होता. 2022 च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय की हॉटेलवाल्यानं तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं पण तेच धरलं. 385 चा चार्ज आणि त्यावरचा जीएसटी धरून 404 रुपये जास्तीचे गेले. काढा म्हणायचं, नाही काढला तर 1915 ला फोन, ग्राहक हेल्पलाइन आहे.

मराठवाडी_मुलूख
एक बाजू त्यांची पण बघा की. मुंबई इथून सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं, बर्फ, गाडी, भाडं, एसी, सगळं त्यातच आलं. स्वस्त कसं देतील?

खारं_पाणी
महाग विका ना, कोण नाही म्हणलंय. पण फ्रोजनला ताजं आन बाशाला सुरमई म्हणायचं हे काय भाड्यात बसतं का

नाथसागर_काठ
मी पैठणचा. एवढं मोठं धरण उशाला, आन आपण समुद्राच्या मागं धावायलो. मरळ खाऊन बघा एकदा, मधला काटा काढला की झालं, लेकराला पण देता येतं. रोहू-कटल्याला मात्र काटे लई, सवय नसली तर नका नादी लागू. येसर (भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ) घालून कालवण आन ज्वारीची भाकर, बास. पण आत्ता येऊ नका, पावसाळा म्हणजे माशांचा अंडी घालायचा टाइम. पोळा झाला की या.

जालन्याची_सून
सगळ्यांना थँक्यू. हॉटेलात फोन केला, 1915 म्हणल्याबरोबर आवाज खाली आला, म्हणले 404 रुपये परत करतो, येऊन घेऊन जा. आता जालन्याहून जाऊन यायचं तर पेट्रोलच त्याच्या डबल. सासूबाईंना बंदीचं सांगितलं तर म्हणल्या, "मला माहीत होतं गं, तू एवढ्या हौसेनं नेलंस म्हणून बोलले नाही." नाथसागरवाले दादा, पोळ्यानंतर आम्ही चौघं येतोय, मरळ कुठं मिळेल तेवढं सांगून ठेवा.