एमएस्सीसाठी पुणे, कोल्हापूर की गोवा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं सावंतवाडीत बीएस्सी झालंय, आता मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायचंय. पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ, तिन्हीकडे हा विभाग आहे. अडलंय ते दोन वर्षं राहायचं कुठे यावर.

तिचा जीव पुण्यात. मैत्रिणी तिथे, शिवाय एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) विद्यापीठाच्या आवारातच आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ही जवळ. पण वसतिगृहात नंबर लागला नाही तर औंध-बाणेरकडचं भाडं आणि डिपॉझिट आम्हाला झेपायचं नाही. बाबांचं मत कोल्हापूर: आंबोलीचा घाट चढला की झालं, खर्चही बेताचा. आई म्हणते गोवा, करमळीहून गाडीत बसली की चतुर्थीला पोर घरी. (आईचं सगळं गणित चतुर्थीवरच असतं.)

मलाही गोवाच पटतो, कारण वेगळं. तिला समुद्रातल्या जीवाणूंत रस आहे आणि दोना पावलाला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आहे. फक्त ताळगाव पठारावरून, म्हणजे विद्यापीठाकडून, संध्याकाळी उशिरा पणजीला बस मिळते का, की स्कूटर लागतेच? पर्यटनाच्या हंगामात घरमालक खोली रिकामी करायला सांगतात असं कानावर आलंय, खरं का?

कोणी यांपैकी कुठे राहून शिकलं असेल तर मेस धरून महिन्याचा खर्च आणि मुलींसाठी बऱ्या वस्त्या सांगा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशासोबतच भरायचा की नंतर, तेही कळलं तर बरं होईल.