मदत हवी आहे: पावसाळ्यात कागदाचा चंद्र वाळेचना

नमस्कार मंडळी, आम्ही चिपळूणला असतो, लेक तिसरीत आहे. २३ ऑगस्टला शाळेत अंतराळ दिन आहे, २०२३ ला त्याच तारखेला चांद्रयान ३ चं विक्रम उतरलं ना म्हणून, आणि तिने चंद्र करायचं मनावर घेतलंय. फुगा फुगवला, पेपरच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून एकाच संध्याकाळी चार थर दिले, वरून लगदा थापला. आज पाचवा दिवस. वरून कडक लागतो पण दाबलं की आत ओला, खाली तर हिरवट बुरशी धरलीये. पंख्याखाली ठेवून झालं, ऊन आठवडाभर नाही.

सासूबाई म्हणतात खळीत मोरचूद घाल, पूर्वी बाइंडिंगवाले घालायचे. पण ते विषारी ना, पोरगी हातानेच लगदा कालवते, मला धीर होत नाहीये. दुसरं म्हणजे विवरं, बाटलीचं झाकण दाबून केली तर सगळी एका मापाची दिसतात, तिला ते टायको हवंय, पौर्णिमेला ज्याच्यातून पांढरे पट्टे फाकलेले दिसतात ते. आणि शेजारी पृथ्वी पण हवी, आता २० सेंमीच्या चंद्राला पृथ्वी ७३ सेंमीची होते, एवढा फुगा आणू कुठून?

प्रतिसाद १
ताई, बुरशी आलेला टाकूनच द्या, मुलीला हात लावू देऊ नका, आणि मोरचूद अजिबात नको. एकदम चार थर दिले तिथे गडबड झाली, आत फुगा असल्यामुळे ओल फक्त बाहेरूनच निघते. यावेळी खळ नको, फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून वापरा, रोज एकच थर, दोन थर कडक झाले की फुगा फोडून काढा आणि ते भोक उघडंच ठेवा म्हणजे आतून पण हवा लागेल. लगदा घट्ट पिळून शेवटी लावा, तोही पातळच.

प्रतिसाद २
विवरांसाठी आधी परातीत मैदा पसरा, वर हळदीचा पातळ थर, आणि तिला वेगवेगळ्या उंचीवरून लहानमोठ्या गोट्या टाकू द्या. खालचा पांढरा मैदा उडून चहूकडे पट्टे पडतात, टायकोचे पट्टे तसेच आदळण्यातून झालेत. ते बघून तिलाच लगद्यात बोटाने करू दे. पृथ्वीचं उलटं करा, तीच २० सेंमीची करा आणि जोडीला साडेपाच सेंमीचा छोटा चंद्र. मग दोघांत अंतर ठेवा ६ मीटर, वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मुलं बघतच राहतील.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे!! जुना टाकला, ती रडली थोडी पण परात बघून विसरली, अख्खं स्वयंपाकघर पिवळं झालंय. मोठा चंद्र हवाच म्हणते, तर तो आणि ही जोडी असं दोन्ही करतोय. आता एवढंच सांगा, राखाडी रंगावर ते पट्टे पांढऱ्या खडूने उठतील की पोस्टर कलरच लागेल? खडू दमट हवेत टिकेल ना?