मदत हवी आहे: सुराबाया, १९४५ आणि मराठा पलटण

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. त्यांच्या पदकाच्या पट्टीवर 'आग्नेय आशिया १९४५-४६' असं इंग्रजीत कोरलंय. कडेवरचा शिपाई नंबर मात्र झिजून गेलाय, शेवटचे दोनच आकडे लागतात.

इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ला स्वातंत्र्य जाहीर केलं. तिथली जुनी डच सत्ता परत यायच्या आधी तिथे ब्रिटिशांनी आपलीच हिंदी फौज उतरवली. ऑक्टोबरअखेर जावा बेटावरच्या सुराबाया शहरात उतरलेल्या ४९व्या ब्रिगेडमध्ये मराठ्यांच्या दोन पलटणी होत्या. ३० ऑक्टोबरला या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले, १० नोव्हेंबरपासून शहरात घनघोर लढाई झाली. स्वतः गुलाम देशातली पोरं नुकत्याच स्वतंत्र झालेल्यांवर गोळ्या झाडत होती, हे मला फार लागतं. काही हिंदी शिपाई तर इंडोनेशियन बाजूला जाऊन मिळाले.

पणजोबा नेमके कोणत्या पलटणीत होते, हे शोधायचंय. नंबर अर्धवट असताना बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे अर्ज कसा करावा? नाव, गाव आणि तालुका एवढ्यावर नोंद सापडते का? कुणाच्या घरी सुराबायाहून आलेली पत्रं, फोटो किंवा ऐकलेल्या आठवणी असतील तर कृपया कळवा. आजी आता थकलीय, तिच्या हयातीत हे कळायला हवं.