मदत हवी आहे: लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत) व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक टिकत नाही

मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंसाठी डीपीपीसी (पिशवीची भिंत बनवणारं फॉस्फोलिपिड) आणि कोलेस्टेरॉल 7:3 मोलर प्रमाणात घेतोय. क्लोरोफॉर्म उडवून पातळ थर, 50 अंशांवर औषधाच्या बफरने हायड्रेशन (थर भिजवणं), मग 100 नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून दाबून, म्हणजे एक्स्ट्रूजनच्या, 11 फेऱ्या (विषमच हव्यात, नाहीतर न गाळलेले मोठे कण शेवटच्या सिरिंजमध्ये येतात). आकार चोख येतो. पण औषध पाण्यात विरघळणारं, त्यामुळे बहुतेक बाहेरच राहतं आणि डायलिसिसमध्ये (मोकळं औषध पडद्यातून वेगळं करताना) निघून जातं.

एक्स्ट्रूजनआधी फ्रीझ-थॉ (गोठवणं-वितळवणं) किती वेळा करावं? शिवाय नमुने मे महिन्यात नाशिकहून पुण्याला पाठवायचेत, आणि डीपीपीसीचं संक्रमण तापमान (ज्याला भिंत मऊ पडून औषध गळू शकतं) अवघं 41 अंश! बर्फाच्या पेटीवर विसंबावं, की 55 अंश संक्रमण तापमानाचं डीएसपीसी हे तसंच लिपिड घ्यावं? ट्रेहॅलोज (एक साखर) घालून लायोफिलाइज केलेलं (गोठवून सुकवलेलं) कुणाचं टिकलंय का? प्रमाणासकट सांगा. नाशकात झेटा सायझर (कणांचा आकार मोजणारं यंत्र) कुठे मिळेल तेही कळवा.