वाढीव वीजबिल आणि दुसरा पुरवठादार निवडण्याचा प्रश्न

प्रश्न : नमस्कार. अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना असून मंजूर भार ४८ किलोवॅट आहे. मीटरचा गुणक (मीटरवरील वाचन ज्याने गुणून प्रत्यक्ष वापर काढतात तो आकडा) बिलात ४० ऐवजी २० धरला गेल्याचे सांगून वीज कंपनीने मागील २९ महिन्यांच्या फरकाचे बिल एकरकमी पाठवले आहे आणि ते न भरल्यास पुरवठा तोडण्याची नोटीसही दिली आहे. मुंबई उपनगरात ग्राहकाला टाटा किंवा अदानी यांपैकी पुरवठादार निवडता येतो, मग सोलापुरात ही सोय का नाही? आणि हे बिल मी भरावे का?

उत्तर १ : विद्युत कायदा, २००३ च्या कलम १४ नुसार एकाच क्षेत्रात दुसरा परवाना देता येतो, परंतु त्या परवानाधारकाला स्वतःचे वितरण जाळे उभारावे लागते. तेवढा खर्च काढण्याइतके दाट ग्राहक मुंबईबाहेर मिळणे अवघड असते. तारा कंपनीच्या आणि वीज दुसऱ्याची, असा ओपन अॅक्सेसचा मार्ग आहे. मात्र त्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १ मेगावॅट, तर २०२२ च्या नियमांनुसार हरित विजेसाठी १०० किलोवॅट आहे. ४८ किलोवॅटच्या कारखानदाराला तूर्त दोन्ही दारे बंद आहेत. बिलाचे म्हणाल, तर कलम ५६(२) प्रमाणे दोन वर्षांपूर्वीची थकबाकी वसूलच होत नाही, भरू नका.

उत्तर २ : वरील शेवटचा सल्ला धोक्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात असे ठरवले की चुकीमुळे राहिलेली रक्कम कंपनी नंतरही मागू शकते, फक्त मुदत उलटलेल्या रकमेसाठी पुरवठा तोडण्याचा मार्ग तिला वापरता येत नाही. २०२१ मधील हरियाणाच्या प्रकरणात तर गुणकाचीच चूक होती, ५ आणि १० ची, आणि निकाल ग्राहकाच्या विरोधात गेला. म्हणून 'चूक त्यांची, भुर्दंड आम्हाला का' हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटला, तरी एकट्याने टिकणार नाही. प्रथम मीटरजवळील सीटीवरील (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वीजप्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारे उपकरण) गुणोत्तर स्वतः पाहून चाळीसचा गुणक खरोखर बसतो का, याची खात्री करावी. कलम ५६(१) नुसार तोडणीपूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक असते. शिवाय मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारे मासिक शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते हरकत नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करावी, आणि निकाल न पटल्यास ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जावे. वकील लागत नाही. वीजचोरीचा आरोप असता तर मात्र हा मंच ऐकत नाही.

उत्तर ३ : स्पर्धा नसली तरी कंपनी मोकाट नाही, हेही लक्षात घ्यावे. मक्तेदारीचा गैरवापर झाल्यास कलम ६० खाली वीज नियामक आयोगाला निर्देश देता येतात. पण आपल्यासारख्या एका बिलासाठी मंच जवळचा आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सीटीची पाटी आज पाहिली, २००/५ लिहिले आहे, म्हणजे गुणक ४० बरोबरच दिसतो. त्यामुळे मूळ रकमेवर वाद न घालता हप्ते आणि व्याजमाफी एवढीच मागणी मंचापुढे ठेवतो.