रेडिओग्राफीच्या कोर्ससाठी मदत हवी आहे (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

माझी मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. २००९ची, पुण्याची. मुलं आता शाळेत रुळली आहेत, म्हणून इथल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षांचा रेडिओग्राफीचा (एक्स-रे काढायला शिकण्याचा) कोर्स करायचं डोक्यात आहे. कोर्सला जेआरसीईआरटीची (असे कोर्स तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे, म्हणजे पुढे एआरआरटीच्या (एक्स-रे तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देणारी संस्था) परीक्षेला बसता येतं, एवढं पाहून घेतलंय.

घोडं अडलंय ते प्रवेशाआधीच्या विषयांवर. ॲनाटॉमी-फिजिओलॉजी १ आणि २, दोन्ही लॅबसकट हवेत, आणि विज्ञानाचे क्रेडिट पाच वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत म्हणे. मग डब्ल्यूईएसकडून (परदेशी पदव्या तपासून देणारी संस्था) माझ्या पदवीचं कोर्स-बाय-कोर्स, म्हणजे विषयवार, मूल्यमापन करून घेण्यात अर्थ आहे का? निदान इंग्रजी आणि गणित तरी सुटतील, म्हणजे पुन्हा करावे लागणार नाहीत? कोणाचे सुटलेत?

दुसरं, कोर्ससाठी लागणारी टीबीची चाचणी. लहानपणच्या बीसीजीमुळे माझी त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येते, हात चांगला टम्म फुगतो. क्वांटिफेरॉन या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. तर कॉलेजं थेट तीच स्वीकारतात, की एक्स-रेही मागतात? (एक्स-रे शिकायच्या आधी स्वतःचाच काढायचा!) गोवर आणि कांजिण्यांच्या लसींचे कागद सापडत नाहीत, त्यासाठी टायटर (रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणारी चाचणी) करून घेणार आहे.

आणि क्लिनिकलच्या (हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाच्या) दिवशी सकाळी किती वाजता हजर व्हावं लागतं? शाळेची बस आठला येते, नवऱ्याचं ऑफिस न्यूयॉर्कात. हा कोर्स केलेल्या कोणी ताई-दादा असतील तर प्लीज सांगा.